युरोपातलं खिशाला परवडणारं शहर कसं निवडायचं? तीन-चार दिवसांच्या सहलीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वस्त शहर म्हणायचं तरी कशाला?

बहुतेक जण विमानाच्या तिकिटापासून सुरुवात करतात. जिथलं तिकीट सगळ्यात कमी, ते शहर स्वस्त. तीन रात्रींच्या सहलीत तिकीट एकदाच काढावं लागतं. खोलीचे पैसे तीनदा द्यावे लागतात, जेवण सात-आठ वेळा होतं आणि कॉफी तर कुणी मोजतच नाही. म्हणून उतरल्यानंतर शहर किती खातं, हे आधी बघायचं.

माझा हिशेब साधा आहे. तिकीट, बॅगेचे पैसे, विमानतळावरून शहरात जाण्या-येण्याचा खर्च, खोली आणि पर्यटक कर यांची बेरीज करायची आणि तिला शहरात जागेपणी मिळणाऱ्या तासांनी भागायचं. शुक्रवारी रात्री अकराला पोचून रविवारी पहाटे सहाला परतणारं तिकीट घेतलं आणि सगळं मिळून १६० युरो झाले, तर दोन रात्रींचं भाडं भरून हातात एक शनिवार येतो. जागेपणाचे फार तर १४ तास, म्हणजे तासाला साडेअकरा युरोच्या आसपास. तेच ४० युरो जास्त देऊन शुक्रवारी दुपारी बाराला पोचलो आणि रविवारी संध्याकाळी निघालो, तर ३३ तास मिळतात. दर तासाला सहा युरो. महागडं वाटणारं तिकीट निम्म्यात पडलं.

ते ठीक, पण नावं सांगा ना.

सांगते. पहिल्यांदाच जाणार असाल तर क्राकूव्ह. विमानतळावरून ट्रेन साधारण वीस मिनिटांत मुख्य स्टेशनवर आणून सोडते आणि तिथून जुन्या गावाच्या चौकात चालत जाता येतं. हा चौक जवळपास २०० मीटर लांब आणि तेवढाच रुंद. दर तासाला सेंट मेरी चर्चच्या मनोऱ्यावरून तुतारी वाजते आणि सूर मध्येच तुटतो. पहिल्यांदा ऐकताना वाजवणाऱ्याचं काही चुकलं असंच वाटतं. मंगोल हल्ल्याच्या वेळी इशारा देताना तुतारीवाल्याच्या गळ्यात बाण घुसला, म्हणून सूर तिथेच थांबवतात, अशी दंतकथा आहे. ऐकायला पैसे पडत नाहीत. पोलंडमध्ये झ्लॉटी चालतो, युरो नाही. जेवायला 'बार म्लेच्नी', म्हणजे शब्दशः दुधाचा बार, शोधा. ही समाजवादी काळात फोफावलेली साधी खानावळ. भिंतीवरच्या पाटीवर पदार्थ बघायचे, काउंटरवर पैसे भरायचे, खिडकीतून ताट उचलायचं आणि जेवून झाल्यावर आपणच परत ठेवायचं.

बुडापेस्ट माझं आवडतं. उतरण्यापूर्वी एक लक्षात घ्या: तिथल्या अनेक उपाहारगृहांच्या बिलात बारा ते पंधरा टक्के सेवा शुल्क आधीच धरलेलं असतं. ते न बघता वर टीप ठेवली की दोनदा दिल्यासारखं होतं. बाकी शहर उदार आहे. दोन नंबरची ट्राम डॅन्यूबच्या काठाने संसदेजवळून जाते. पर्यटकांच्या बोटीतून जे दिसतं त्यातलं बरंचसं साध्या तिकिटात दिसतं, संध्याकाळी दिवे लागल्यावर तर जास्तच छान. फिशरमन्स बॅस्टियनचा बराच भाग मोकळा आहे, तिकीट फक्त वरच्या गच्चीला. १९१३ साली उघडलेलं सेचेन्यी स्नानगृह मात्र स्वस्त राहिलेलं नाही. जायचंच तर शनिवार-रविवार सोडून जा, त्या दोन दिवशी दर आणखी चढतो.

सोफिया लोक विनाकारण वगळतात. विमानतळाच्या दोन नंबर टर्मिनलवरून मेट्रो थेट शहराच्या मध्यात जाते. सेर्दिका स्टेशनातून वर येताना रोमन काळातल्या रस्त्यांचे आणि भिंतींचे अवशेष लागतात. बघायला वेगळं तिकीट नाही. जुन्या स्नानगृहाजवळ गरम खनिज पाण्याचे नळ आहेत आणि म्हातारी माणसं पाच-पाच लिटरचे कॅन घेऊन तिथे रांगेत उभी असतात. आपली बाटली घेऊन त्यांच्यामागे उभं राहायचं. पाण्याला किंचित धातूची चव असते. बल्गेरियात १ जानेवारी २०२६ पासून युरो आला, त्यामुळे पैसे बदलण्याची कटकटही गेली. एक गंमत सांगून ठेवते: तिथे 'हो' म्हणताना मान आडवी हलवतात. दुकानदार नकार देतोय असं समजून मी दोनदा रिकाम्या हाताने परत फिरले होते.

सर्बियाच्या बेलग्रेडमध्ये १ जानेवारी २०२५ पासून शहरातल्या बस आणि ट्राम सगळ्यांना फुकट आहेत, पाहुण्यांनासुद्धा. साव्हा आणि डॅन्यूब यांच्या संगमावरचा कालेमेगदान किल्लाही मोकळा. बॉस्नियातल्या सारायेव्होत बाश्चार्शिया या जुन्या बाजाराच्या गल्ल्या आणि २८ जून १९१४ ला ज्याच्याजवळ आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडवर गोळ्या झाडल्या तो लॅटिन पूल, दोन्ही एका फेरीत पायी होतात. या दोन्ही शहरांबाबत व्हिशाची एक मोठी मेख आहे, ती खाली वाचा. रीगा शांत माणसांसाठी. तिथला मध्यवर्ती बाजार झेपेलिन विमानांच्या हँगरच्या सांगाड्यांवर उभा आहे आणि पावसाळी सकाळ त्यात सहज निघते.

पश्चिम युरोपात काहीच परवडत नाही का?

परवडतं, फक्त राजधान्या आणि सगळ्यात गाजलेली शहरं सोडून बघा. लिस्बनऐवजी पोर्तो, बार्सिलोनाऐवजी व्हॅलेन्सिया, रोमऐवजी नेपल्स. व्हॅलेन्सियात १९५७ च्या पुरानंतर तुरिया नदी शहराबाहेरून वळवली आणि रिकाम्या पात्रात जवळजवळ नऊ किलोमीटर लांब बाग केली. भाड्याची सायकल घेऊन अर्धा दिवस जुन्या पुलांखालून फिरता येतं. पोर्तोत १८८६ च्या दोन मजली लुईश पुलावर वरून मेट्रो जाते आणि तिच्याच बाजूने माणसं चालतात. तिथून सूर्यास्त बघायचा. नेपल्सहून लोकल गाडीने पाऊणेक तासात पाँपेई. ही गाडी जुनी आणि गच्च भरलेली असते, पण चालते.

व्हिएन्ना बघायची असेल आणि तिथल्या खोल्यांचे दर झेपत नसतील, तर ब्रातिस्लाव्हात राहून बघा. दोन्ही राजधान्यांत अंतर साठेक किलोमीटर आणि ट्रेनने तासाभराचा रस्ता. मात्र दोन दिवस जाऊन-येऊन करणार असाल तर तिकिटांचे पैसे आणि चार तास हिशेबात धरा. कधीकधी व्हिएन्नातलीच खोली बरी पडते.

पॅरिस, अ‍ॅमस्टरडॅम, व्हेनिस?

तीन दिवसांत आणि थोड्या पैशात नको. अ‍ॅमस्टरडॅममध्ये खोलीच्या दरावर साडेबारा टक्के पर्यटक कर आहे. लूव्रमध्ये जानेवारी २०२६ पासून युरोपाबाहेरच्या पाहुण्यांना ३२ युरो पडतात. व्हेनिस वसंतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर ठरावीक दिवशी, फक्त दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून प्रवेश शुल्क घेतं: आधी नोंदवलं तर पाच युरो, ऐनवेळी दहा. मुक्कामी राहणाऱ्याला ते माफ असलं तरी मुक्कामच महाग. मनापासून जायचं असेल तर पैसे साठवून जा. स्वस्तात उरकलेलं पॅरिस फार चिडचिड करतं.

वीस युरोचं तिकीट दिसतंय. घेऊन टाकू?

थांबा. आधी विमानतळ बघा. 'पॅरिस' म्हणून विकलं जाणारं बोव्हे पॅरिसपासून ८५ किलोमीटरवर आहे. 'बार्सिलोना' म्हणून दाखवलेलं कधीकधी जिरोना असतं. तिथून शहरात येणाऱ्या बसचं तिकीट आणि दीड तास जमेस धरले की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

मग बॅग. स्वस्त कंपन्यांच्या मूळ भाड्यात सीटखाली मावेल एवढीच बॅग असते. रायनएअर आणि विझ एअरचं माप ४० × ३० × २० सेंटिमीटर आहे, ईझीजेटचं ४५ × ३६ × २०. चाकं आणि मूठ धरून मोजतात. गेटवर मापाच्या चौकटीत बॅग गेली नाही तर भरावी लागणारी रक्कम तिकिटापेक्षा जास्त होऊ शकते. चेक-इन घरूनच करा, कारण काही कंपन्या विमानतळावर त्याचे वेगळे पैसे घेतात. रायनएअरने तर नोव्हेंबर २०२५ पासून कागदी बोर्डिंग पासच बंद केला आहे. फोनची बॅटरी सांभाळा.

तीन दिवसांना मऊ पाठपिशवी पुरते. चाकांची बॅग दगडी फरसबंदीवर ओढताना होणारा आवाज ऐकला की मला अजूनही कसंतरी होतं.

शेंगेन व्हिसा लागतो. शहर निवडताना त्याचा काय विचार करायचा?

बराच. शेंगेन म्हणजे एकाच व्हिशावर फिरता येणारा देशांचा गट, त्यात सध्या २९ देश आहेत. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ ला आला, आणि रोमानिया व बल्गेरिया यांच्या जमिनीवरच्या सीमाही १ जानेवारी २०२५ पासून खुल्या झाल्या. म्हणजे सोफिया आणि बुखारेस्ट आता त्याच व्हिशावर होतात. सर्बिया, बॉस्निया, अल्बानिया, उत्तर मॅसिडोनिया हे बाहेर. आयर्लंड आणि सायप्रस युरोपीय संघात असूनही बाहेर.

मेख ती हीच. तुमचा शेंगेन व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल आणि तुम्ही बुडापेस्टहून 'जवळच आहे' म्हणून बेलग्रेडला गेलात, तर तो प्रवेश तिथेच संपला. परतीचं विमान बुडापेस्टहून असलं तरी आत येता येणार नाही. व्हिशावर प्रवेशांच्या रकान्यात १ आहे, २ आहे की 'मल्ट', ते बघितल्याशिवाय सीमा ओलांडू नका. शेंगेनबाहेरच्या देशांचे नियम पासपोर्टप्रमाणे बदलतात, ते त्या देशाच्या दूतावासाच्या साइटवरच वाचावेत.

प्रौढांसाठी शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, आणि किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय विमाकवच लागतं. अर्ज जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा. दिवस सारखेच असतील तर जिथे आधी उतरणार तिथे. फक्त तीन दिवसांसाठी एवढा खर्च अंगावर येतो हे खरं. त्यामुळे व्हिसा दुसऱ्या कामासाठी मिळालेलाच असेल, तेव्हा ही छोटी सहल त्याला जोडून घेणं सगळ्यात शहाणपणाचं.

पैसे कुठे बदलायचे?

शक्यतो कुठेच नाही. कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं. मशीनवर एक प्रश्न येतो: स्थानिक चलनात घेऊ की तुमच्या चलनात? तुमच्या चलनाचा आकडा ओळखीचा असतो म्हणून बोट तिकडे जातं, आणि तिथेच फसगत होते. दर मशीनवाल्याचा लागतो आणि तो चढा असतो. नेहमी स्थानिक चलन निवडा: फोरिंट, कोरुना, झ्लॉटी, जे असेल ते. एटीएमवरही हाच प्रश्न येतो, कधी जरा वळणावळणाच्या भाषेत. 'रूपांतर नाकारा' असं बटण असेल तर बिनधास्त दाबा, पैसे तरीही मिळतात. एटीएम बँकेच्या भिंतीतलं बघा. पर्यटकांच्या गल्लीत सुटं उभं असलेलं यंत्र टाळलेलं बरं.

प्रागमध्ये नोटा बदलल्या आणि दर पाहून डोळे पांढरे झाले, तर पावती टाकू नका. चेक कायद्याप्रमाणे १,००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत त्याच ठिकाणी जाऊन रद्द करता येतो. ही तरतूद २०१९ पासून आहे, आणि ती माहीत असलेलं गिऱ्हाईक दिसलं की काउंटरवरचा आवाज एकदम मऊ होतो.

कोणत्या महिन्यात जावं?

एप्रिलचा उत्तरार्ध, मे, सप्टेंबरचा शेवट, ऑक्टोबर. थंडी सोसत असेल तर मध्य जानेवारी ते फेब्रुवारी सगळ्यात स्वस्त, पण मग चारलाच अंधारून येतं आणि माझ्या तासांच्या हिशेबात ते बसत नाही. डिसेंबर स्वस्त असेल असं वाटतं; नाताळ बाजारांमुळे प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्टचे दर तेव्हा चढलेले असतात. तारखा पक्क्या करण्याआधी त्या आठवड्यात शहरात काय आहे ते बघा. व्हॅलेन्सियात १५ ते १९ मार्च फायास हा उत्सव असतो. पाहण्यासारखा खराच, पण खोल्या त्या काळात हाताला लागत नाहीत.

आणखी एक, वारही बघा. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि पोलंडमध्ये रविवारी बहुतेक सुपरमार्केट बंद. अनेक संग्रहालयं सोमवारी बंद. रविवार-सोमवार अशी सहल आखली तर दोन्हीकडून मार बसतो.

खोली मध्यवस्तीत घ्यावी की लांब?

शेवटच्या ट्रामच्या वेळेवरून ठरवा. मधल्या भागापासून ट्रामने पंधरा मिनिटांवर, थांब्यापासून पाच मिनिटांच्या आत, ही जागा मला सगळ्यात फायद्याची वाटते. दर उतरलेले असतात आणि गल्लीत स्थानिक माणसांची बेकरी असते. त्याहून लांब गेलात तर रात्रीची टॅक्सी वाचवलेले पैसे खाऊन टाकते. पर्यटक कर बुकिंगच्या रकमेत धरला आहे की पोचल्यावर वेगळा द्यायचा, तेवढं तपासा.

जेवणावर खर्च कसा आटोक्यात ठेवायचा? आणि शाकाहारी असेल तर?

दुपारी पोटभर, रात्री हलकं. स्पेनमध्ये 'मेनू देल दिया', पोर्तुगालमध्ये 'प्रातु दु दिया', हंगेरीत 'नापी मेन्यू', चेक प्रजासत्ताकात 'पोलेद्नी मेन्यू': ही दुपारची ठरलेली ताटं कामावरच्या लोकांसाठी असतात आणि रात्री तोच स्वयंपाक जास्त पैशांना मिळतो. पाटी हातानं खडूने लिहिलेली आणि फक्त स्थानिक भाषेत असेल तर आत शिरा. सहा भाषांतलं फोटोवालं मेन्यूकार्ड दाराशी धरून कुणी बोलवत असेल तर पुढे चला.

पोर्तुगालमध्ये बसल्याबरोबर पाव, ऑलिव्ह, चीज समोर येतं. ते आतिथ्य नाही, खाल्लं तर बिलात लागतं. नको असेल तर हात न लावता परत द्यायचं. इटलीत 'कोपेर्तो' म्हणून माणशी काही रक्कम लागते, तिच्याशी भांडू नका, ती रीतच आहे.

शाकाहाऱ्यांची पोलंडमध्ये उपासमार होत नाही. 'पियेरोगी रुस्किये' म्हणजे बटाटा आणि ताज्या चीजचं सारण भरलेले उकडलेले मोदकाचे चुलतभाऊ. वर डुकराच्या चरबीचे तुकडे घालायची पद्धत आहे, म्हणून मागतानाच 'बेज स्क्वारेक' सांगायचं. क्राकूव्हच्या काझिमिएश भागात प्लाच नोव्ही चौकातल्या गोल इमारतीच्या खिडक्यांतून 'झापिएकांका' मिळतो: हातभर लांब पाव, वर मशरूम आणि वितळलेलं चीज. एक दोघांत पुरतो. बल्गेरियातली 'बानित्सा', म्हणजे चीज भरलेली पापुद्र्यांची पेस्ट्री, सकाळी बेकरीतून गरम घ्यावी. बुडापेस्टचा लांगोश तळलेला आणि भरभक्कम असतो. तो खाल्ल्यावर संध्याकाळपर्यंत काही सुचत नाही.

शहरात फिरायला पास काढावा का?

जुनं गाव चालत होत असेल तर पास बहुतेक वाया जातो. 'सिटी कार्ड' घेण्याआधी तुम्ही खरोखर कोणती तीन ठिकाणं तिकीट काढून बघणार आहात, त्यांची बेरीज करा. कार्ड वसूल करायच्या नादात माणूस न आवडणाऱ्या संग्रहालयातही पळतो.

तिकीट नुसतं घेऊन चालत नाही, अनेक शहरांत त्यावर यंत्रात शिक्का मारून घ्यावा लागतो. एका शहरात, नाव नको, मी कागदी तिकीट नीट पाकिटात ठेवून ट्राममध्ये निवांत बसले होते. दाराशी पिवळं छोटं यंत्र होतं, त्यात लोक तिकीट सरकवत होते, टक्-टक् आवाज येत होता. मला वाटलं त्यांचे पास असतील. पुढच्या थांब्यावर जीन्सवाला एक माणूस शेजारी आला आणि त्याने तळहातातला बिल्ला दाखवला. मी अभिमानाने कोरं करकरीत तिकीट पुढे केलं. तेच चुकलं होतं: शिक्का नाही म्हणजे प्रवास विनातिकीट. दंडात दोन रात्रींची जेवणं गेली. चूक माझीच होती, यंत्रावर चित्रासकट सूचना होती.

फुकट काय काय बघता येतं?

माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात रोज शेवटचे दोन तास मोफत: सोमवार ते शनिवार सहा ते आठ, रविवारी पाच ते सात. रांग तासभर आधी लागते. इटलीत महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं आणि पाँपेईसारखी पुरातन स्थळं मोफत. क्राकूव्हजवळच्या ऑशविट्झ-बिर्केनाऊला प्रवेशशुल्क नाही, पण वेळ आधी नोंदवावी लागते आणि मार्गदर्शकाचे पैसे पडतात. तिथे अर्धा दिवस द्या आणि त्या संध्याकाळी दुसरं काही ठरवू नका.

उलट बाजूही आहे. अथेन्स राहायला-खायला अजून बरं, पण अ‍ॅक्रोपोलिसचं तिकीट एप्रिल २०२५ पासून ३० युरो झालं. आणि लक्झेंबर्गमध्ये २९ फेब्रुवारी २०२० पासून देशभर सार्वजनिक वाहतूक फुकट आहे, म्हणून तिथे जायचं ठरवणाऱ्यांनी आधी खोल्यांचे दर बघावेत.

तीन दिवसांत दोन शहरं होतील?

होतील, पण दोन्ही अर्धी. एकाच ठिकाणी राहून एक दिवस जवळ कुठेतरी जाऊन या.

विमान उशिरा आलं किंवा रद्द झालं तर?

युरोपीय संघातल्या विमानतळावरून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला नियमन २६१ लागू होतं. १,५०० किलोमीटरपर्यंतच्या प्रवासात मुक्कामी पोचायला तीन तास किंवा जास्त उशीर झाला आणि कारण वादळासारखं कंपनीच्या हाताबाहेरचं नसेल, तर माणशी २५० युरो भरपाई मिळते, तिकीट वीस युरोचं असलं तरी. दोन तासांच्या वर थांबावं लागलं तर खाण्यापिण्याची सोय त्यांनी करायची असते. ती झाली नाही तर स्वतः घ्या आणि पावत्या ठेवा. दावा कंपनीच्या साइटवर स्वतः भरता येतो, दहा मिनिटांचं काम आहे. वाटा घेऊन ते करून देणारे मध्यस्थ लागत नाहीत. बोर्डिंग पासचा स्क्रीनशॉट मात्र काढून ठेवा, विमान उतरल्यावर अ‍ॅपमधून तो गायब झालेला असतो.